कुत्रा आणि धन्याचे अंथरूण
कुत्रा हा सोबतीने राहणारा प्राणी असून, पिल्लू जन्मानंतर साधारण ८ आठवडे आई-भावंडांच्या उबेला बिलगून झोपत असल्यामुळे, धन्याच्या पलंगावर चढण्यामागे बहुधा वर्चस्वाची नव्हे, तर सोबतीची ओढ असते. ही सवय मोडायची असल्यास घरातल्या सर्वांनी एकच नियम पाळणे अत्यावश्यक ठरते. कारण नऊ वेळा खाली उतरवून दहाव्यांदा कीव येऊन पांघरुणात घेतले, की ‘अनियमित प्रबलन’ घडते, म्हणजे कधीतरीच मिळणाऱ्या बक्षिसामुळे वर्तन अधिकच चिवट होते. पलंगालगत जुन्या गोधडीची चौघडी अंथरावी आणि तो तिच्यावर गोल फिरून अंग टाकील, तेव्हा हळूच खाऊ द्यावा. उतरवताना तो गुरगुरला, तर त्याला मारणे सर्वथा चूक होय; ती भीतीची वा सांधेदुखीची खूण असू शकते, म्हणून पशुवैद्यांना दाखवावे.