मॅग्नेशियम कोणत्या टोकाला?

कल्याणजवळच्या आनंदनगरच्या एमआयडीसीत धातू म्हणजे पत्रा, गज, नाहीतर भट्टीतला रस. धातूचा एकच अणू दुसऱ्या दोन अणूंशेजारी कसा बसतो, हा प्रश्न इथल्या रस्त्यावर कुणाला पडत नाही. पण तो सोडवायला ज्या रेडिओ दुर्बिणी कामी आल्या, त्यांच्या जातीचं एक यंत्र इथून जवळच होतं. कल्याणला १९६५ साली टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून आलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या उभ्या केल्या आणि सूर्याचा रेडिओ वेध घेतला. पुढे खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण झाली. तिची धाव मात्र साधारण १४५० मेगाहर्ट्झपर्यंत. धातूंच्या छोट्या रेणूंच्या रेडिओ लहरींची पट्टी त्याच्या कितीतरी वरची.

ती पट्टी स्पेनमधल्या ३० मीटर दुर्बिणीच्या आवाक्यात होती. सिंह राशीत धुळीने वेढलेला आयआरसी+१०२१६ हा तारा आहे. १९८६ मध्ये त्याच्याभोवतीच्या वायूच्या रेडिओ वर्णपटात काही अनोळखी रेषा नोंदल्या गेल्या. पुढच्याच वर्षी तिथे चक्क मिठाची वाफ सापडली! ती लगेच ओळखता आली, कारण मिठाच्या रेषा प्रयोगशाळेत आधीच मोजलेल्या होत्या. अनोळखी रेषा सात वर्षं तशाच राहिल्या. १९९३ मध्ये जपानमध्ये कावागुची यांच्या गटाने प्रयोगशाळेत तो रेणू तयार करून मोजला, तेव्हा नाव कळलं: मॅग्नेशियम आयसोसायनाइड, म्हणजे मॅग्नेशियम नायट्रोजनच्या टोकाला.

वायूतला रेणू भिंगरीसारखा फिरतो, पण मनाला येईल त्या वेगाने नाही. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात, आणि एका पायरीवरून खालच्या पायरीवर येताना निघणारी ठरावीक लहर म्हणजे एक रेषा. रेणू जितका जड आणि लांब, तितक्या त्याच्या रेषा दाट. मॅग्नेशियम नायट्रोजनला चिकटलेलं असेल तर दोन रेषांमधलं अंतर सुमारे ११.९ गिगाहर्ट्झ, कार्बनला चिकटलेलं असेल तर १०.२. अणू तेच तीन, पण टोक बदललं की आकडा बदलतो. एखाद्या अणूच्या जागी त्याचा जड समस्थानिक घालून पुन्हा मोजलं, तर त्या अणूची नेमकी जागाही काढता येते.

या विषयात कागदावरचे तर्क फार पुरत नाहीत, असं माझं मत झालं आहे. सोडियम आणि पोटॅशियमचे सायनाइड तर सरळ रेषेत राहतच नाहीत; धातू कार्बन-नायट्रोजन जोडीच्या कुशीला बसतो आणि रेणूचा त्रिकोण होतो. हे १९८०च्या दशकात प्रयोगशाळेतल्या मोजणीने दाखवलं. २०११ मध्ये ल्यूसी झिउरिस यांच्या गटाला त्याच ताऱ्याभोवती लोखंडाचा सायनाइड सापडला. त्यात लोखंड कार्बनच्या टोकाला होतं.