प्रत्यवेक्षण आणि अध्ययन

पालीतील ‘पच्चवेक्खण’ म्हणजे केलेल्याकडे पुन्हा वळून नीट पाहणे. मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिका-राहुलोवाद सुत्तात (क्रमांक ६१) भगवान बुद्ध राहुलास विचारतात, आरसा कशासाठी असतो? त्याच्या उत्तराचा धागा धरून ते कायिक, वाचिक व मानसिक कर्म तीन वेळा तपासण्यास सांगतात: करण्यापूर्वी, करीत असताना आणि केल्यानंतर. अट्ठकथेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. हा उपदेश शीलाविषयी आहे, हे खरे. परंतु अध्ययन हेही कर्मच असल्याने तो अभ्यासास लावण्यात आम्हांस अनौचित्य वाटत नाही.

आपल्याकडे तपासणी होते ती शेवटी, आणि तीही दुसऱ्याच्या हातून. नागाव येथील रविवारच्या पाली वर्गात आम्हीही तेच करीत होतो. वंदनेतील ‘बुद्धस्स’ या रूपाची विभक्ती एक विद्यार्थिनी दर वेळी षष्ठी लिही. आम्ही तीनदा लाल रेघ ओढली. ती चतुर्थी अशी दुरुस्ती करी आणि पुढल्या खेपेस पुन्हा षष्ठी! अखेर उत्तराखाली ‘हे मी कशावरून ठरविले?’ याचे उत्तर लिहावयास सांगितले. तिने लिहिले: शाळेत संस्कृतात ‘बुद्धस्य’ ही षष्ठी शिकले, ‘स्स’ म्हणजे तेच. तर्क खोटा नव्हता, अपुरा होता. पालीत चतुर्थी व षष्ठी यांचे एकवचन बहुधा एकसारखेच असते. येथे ‘नमो’च्या योगाने चतुर्थी. हे एक वाक्य शिकविताना आमच्याकडूनच राहिले होते.

बाबासाहेबांचे कोलंबियातील गुरू जॉन ड्यूई यांनी १९१० च्या ‘हाऊ वी थिंक’ या ग्रंथात हाच व्यापार चिंतनाच्या गाभ्याशी ठेवला आहे: आपली समजूत कोणत्या आधारावर उभी आहे, हे तपासणे.

मात्र सुत्तात आणखी एक गोष्ट आहे. सदोष आढळलेले कायिक-वाचिक कर्म शास्त्यापाशी वा सुज्ञ सहाध्यायांपाशी उघड करावयाचे असते. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरच नाकारले गेले, त्यांच्या मुलांची चूक ही अनेकदा त्यांच्या कुवतीचा पुरावा मानली गेली. अशा मुलाने चूक लपवू नये असे वाटत असेल, तर या वहीला गुण देता कामा नयेत. आम्ही ते बंद केले.

निर्दोष कर्माबद्दल सुत्तात प्रमोदही सांगितला आहे. म्हणून बरोबर उत्तराखालीही कारण लिहावयाचे. पुढील रविवारी त्याच विद्यार्थिनीच्या वहीत प्रश्न होता: पालीत ‘बुद्धाय’ असेही चतुर्थीचे रूप आहे, मग वंदनेत ते का नाही? त्यासाठी आम्हांस व्याकरण पुन्हा उघडावे लागले.