थंडीची लाट आणि नंदनवनातील घर

नीचांक

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले. त्याआधीचा नीचांक ७ जानेवारी १९३७ चा, ३.९ अंशांचा होता. ऐंशीहून अधिक वर्षे टिकलेली नोंद त्या पहाटे मोडली. हेच शहर मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांपर्यंत तापले होते. या दोन टोकांमध्ये ४४ अंशांहून अधिक अंतर आहे आणि दोन्ही टोके त्याच भिंतींना व त्याच छताला सोसावी लागतात.

हे आकडे विमानतळाजवळच्या सोनेगाव वेधशाळेचे असतात. तिथला तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, सावलीत असतो. पूर्व नागपुरातल्या नंदनवनसारख्या दाट वस्तीत भिंती आणि डांबरी रस्ते दिवसाची उष्णता रात्री सोडत राहतात, म्हणून तिथली हवा वेधशाळेपेक्षा थोडी उबदार असू शकते. उलट नाग नदीच्या काठच्या सखल, मोकळ्या जागेत थंड हवा जड असल्याने साचते आणि गारठा वाढतो. वर्तमानपत्रातले तापमान आणि घरातले तापमान म्हणूनच एक नसते.

लाटेची व्याख्या

भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी घसरले असेल, तर ती थंडीची लाट होय. घसरण त्याहून मोठी असेल तर लाट तीव्र मानतात. किमान तापमान ४ अंशांवर किंवा खाली आले, तर सरासरी न पाहताच लाट जाहीर होते; २ अंशांना ती तीव्र ठरते. नागपूरची डिसेंबरअखेरची सरासरी १२ अंश धरली, तर ७.५ अंशांपासून लाटेची हद्द सुरू होते. काश्मीर किंवा हिमाचलात हा आकडा कोणाच्या लक्षातही येणार नाही. लाट ही त्या त्या ठिकाणच्या सवयीच्या मानाने मोजली जाते, आणि ते योग्यच आहे, कारण घरे, कपडे आणि शरीरे त्या सवयीनुसारच तयार झालेली असतात.

गारठा येतो कसा

हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ पाडतात. ते पुढे सरकले की उत्तरेकडचे कोरडे, थंड वारे मध्य भारतात उतरतात. सातपुड्याच्या रांगा त्यांना अडवण्याइतक्या उंच नाहीत. मात्र वारा हा अर्धाच भाग आहे. उरलेले काम निरभ्र आकाश करते. दिवसा तापलेली जमीन रात्रभर अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता आकाशाकडे सोडते. हवेत बाष्प किंवा ढग असले तर ते यातली बरीच उष्णता अडवून परत खाली पाठवतात. विदर्भापासून दोन्ही समुद्र दूर असल्याने हिवाळ्यातली हवा कोरडी असते आणि अडवणारे फारसे काही उरत नाही. ही गळती सूर्य उगवेपर्यंत चालू राहते, म्हणून सर्वांत कडक थंडी मध्यरात्री न पडता सूर्योदयाच्या सुमारास पडते. ढगाळ रात्र उबदार का जाते, याचेही कारण हेच.

उन्हाळ्यासाठी बांधलेले घर

नागपूरचे घर मे महिन्याकडे पाहून बांधले जाते. उंच छत, समोरासमोर खिडक्या, झरोके, फरशी, चुना मारलेली गच्ची: यातली प्रत्येक गोष्ट उष्णता बाहेर घालवण्यासाठी असते. डिसेंबरात तीच व्यवस्था उलटी पडते. सर्वांत मोठे भोक कूलरचे असते. खिडकीत बसवलेल्या कूलरच्या तिन्ही बाजूंना वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या असतात. हवा आत घेणे हेच त्यांचे काम असल्याने पंखा बंद असला तरी वारा त्यातून येतच राहतो. कूलर काढून खिडकी लावणे, किंवा ते शक्य नसल्यास त्यावर बाहेरून ताडपत्री आणि आतून जाड पुठ्ठा बसवणे, हा लाटेतला सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. त्याखालोखाल दाराखालची फट येते. जुन्या चादरीची गुंडाळी तिथे ठेवली की जमिनीलगतचा थंड झोत थांबतो.

हवा, भिंत आणि युनिट

खोली हीटरने गरम करावी, हा विचार स्वाभाविक आहे. पण त्यामागचा हिशेब पाहण्यासारखा आहे. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ४१ किलो हवा असते. ती ५ अंशांनी तापवायला साधारण ०.०६ युनिट वीज पुरते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पण त्याच खोलीची एक दहा बाय दहा फुटांची, नऊ इंची विटांची भिंत सुमारे चार टन वजनाची असते. ती ५ अंशांनी तापवायला साडेचार युनिटांहून अधिक वीज लागते. भिंती चार, शिवाय वर स्लॅब आणि खाली फरशी. हीटर लावताच हवा झटकन तापते, बटण बंद करताच भिंती ती उष्णता शोषून घेतात आणि दहा-पंधरा मिनिटांत खोली पुन्हा गार होते, ती यामुळे. थंड भिंतीशेजारी बसलेल्या माणसाचे शरीर थेट भिंतीकडे उष्णता सोडत असते, म्हणून हवा उबदार असूनही अंगात काटा राहतो.

या हिशेबातून एकच निष्कर्ष निघतो. नागपुरातल्या घरात दोन-चार रात्रींच्या लाटेसाठी खोली तापवण्यापेक्षा माणूस आणि अंथरूण उबदार ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे. हीटर वापरायचाच असेल तर समोर बसणाऱ्याच्या अंगावर थेट उष्णता टाकणारा, तोही आंघोळीनंतर किंवा कपडे बदलताना थोडा वेळ, एवढाच त्याचा उपयोग. दोन हजार वॅटचा हीटर सुमारे पावणेनऊ अँपिअर वीजप्रवाह ओढतो. दिवे-पंख्यांसाठी असलेला सहा अँपिअरचा सॉकेट आणि जुन्या घरातली बारीक वायर हा भार पेलत नाहीत. सॉकेट वितळणे, वायर जळणे इथूनच सुरू होते. सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट आणि अर्थिंग नसेल, तर असा हीटर घरात न आणणेच बरे.

अंथरूण आणि पांघरूण

झोपलेले प्रौढ शरीर सुमारे ७० वॅट उष्णता सतत निर्माण करते. रजई, दुलई, गोधडी किंवा घोंगडी स्वतः उष्णता देत नाहीत. धाग्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा ही उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. म्हणून एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ पांघरुणे अधिक ऊब देतात, आणि दबून चपटी झालेली रजई उन्हात फुलवून झटकली की तिची ऊब परत येते. कपड्यांचेही तसेच: आत सुती बनियन, वर लोकरीचा स्वेटर, बाहेर वारा न लागणारे काही. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब टिकवते. सुती कापड मात्र ओलावा धरते आणि अंग गार पाडते. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे आणि हिवाळ्यात स्वेटर विकणारे तिबेटी विक्रेते विदर्भातल्या शहरांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहेत.

पांघरुणाकडे लक्ष जाते, अंथरुणाकडे जात नाही. अंगाखाली दबलेली गादी पातळ होते आणि शरीराची उष्णता खाली निसटते. फरशीवर झोपणाऱ्यांना चटई, त्यावर सतरंजी, त्यावर गादी असे थर लागतात. नवारीच्या खाटेखालून वारा वाहतो, म्हणून खाटेवर तर जाड घोंगडी अंगावर घेण्याइतकीच अंगाखालीही हवी. रबरी पिशवीत ६० अंशांचे दोन लिटर पाणी भरले, तर ३० अंशांपर्यंत निवताना ते जवळपास एका झोपलेल्या माणसाच्या तासाभराच्या उष्णतेइतकी ऊब अंथरुणात सोडते. मधुमेहींच्या पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. त्यांच्यासाठी पिशवी कापडात गुंडाळून, झोपण्यापूर्वी काढून ठेवणे आवश्यक आहे.

ऊन आणि आंघोळ

२२ डिसेंबरच्या सुमारास नागपुरात मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीची वरची कड सात फुटांवर असेल, तर ऊन खोलीत सुमारे सात फुटांपर्यंत येते. सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत हे पडदे उघडे आणि त्यानंतर सगळे बंद, हा क्रम पाळला की फरशी व भिंतीत फुकट उष्णता साठते. ज्या भिंतीला तापवायला चार-पाच युनिटे लागतात, तिला ऊन दिवसभर विनामूल्य तापवते.

आंघोळीचे गणितही वेळेवर अवलंबून आहे. वीस लिटरची बादली १५ अंशांवरून ४० अंशांपर्यंत न्यायला ०.५८ युनिट वीज लागते. दुपारी गच्चीवरच्या टाकीतले पाणी २५ अंशांचे झालेले असेल, तर ०.३५ युनिटात काम होते आणि अंगही उघड्या गारठ्यात ओले राहत नाही.

शेगडी, शेकोटी आणि गॅस गिझर

थंडीत घरात होणारे मृत्यू थंडीमुळेच होतात असे नाही. थंडीवर केलेला उपायही जीव घेतो. कोळसा किंवा लाकूड अपुऱ्या हवेत जळले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेतले त्याचे थोडे प्रमाणही शरीराचा प्राणवायूचा पुरवठा तोडते. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे झोपेच्या भरात कळत नाहीत, आणि विझत आलेली, धूर न देणारी शेगडी निर्धोक वाटते. प्रत्यक्षात निखारे धुमसत असतानाच हा वायू भरपूर सुटतो.

फटी बुजवणे आणि शेगडी पेटवणे हे दोन उपाय एका खोलीत कधीही एकत्र येता कामा नयेत. पहिला उपाय दुसऱ्याला विषारी करतो. शेकोटी अंगणात, आणि झोपण्यापूर्वी पाणी ओतून विझवलेली, एवढीच तिची जागा. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर याच कारणाने धोक्याचा असतो. तो न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवला पाहिजे. आत कोणी बेशुद्ध आढळल्यास आधी दार-खिडक्या उघडून त्या व्यक्तीला बाहेर काढणे आणि लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावणे, हा क्रम महत्त्वाचा.

अर्भके आणि वृद्ध

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की अल्पतापाची (हायपोथर्मियाची) अवस्था सुरू होते. आधी हुडहुडी भरते, मग बोलणे अडखळते, गुंगी येते. हुडहुडी थांबली पण माणूस सुस्त आहे, ही सुधारणा नसून धोक्याची खूण आहे. अशा वेळी हातपाय चोळण्यापेक्षा छाती-पोट उबदार करणे आणि नंदनवनपासून जवळ असलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या (‘मेडिकल’) रुग्णालयात तातडीने नेणे योग्य. मद्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या पसरतात. ऊब वाटते, पण आतली उष्णता वेगाने बाहेर पडते.

नवजात बाळाला हुडहुडी भरत नाही, आणि वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचे क्षेत्र मोठे असल्याने ते लवकर गार पडते. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरणे, ही पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे कमी वजनाच्या बाळांसाठी रुग्णालयात सुरू झाली आणि आज जगभर मान्य आहे. घरातही तिला कोणतेही उपकरण लागत नाही. वृद्धांमध्ये गारठ्याने रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयरोग असलेल्यांनी पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत पुढे ढकलणे श्रेयस्कर. शांत, थंड पहाटे धूर जमिनीलगतच अडकून राहतो. दम्याच्या रुग्णांना त्याचा त्रास वेगळाच.

आहारात तीळ, गूळ, जवस, बाजरी आणि डिंकाचे लाडू हिवाळ्यात येतात ते सकारण. स्निग्धांशाच्या एका ग्रॅममधून सुमारे ९ किलोकॅलरी मिळतात, पिष्टाच्या ग्रॅममधून ४. मात्र खाण्याने पांघरुणाची जागा भरून निघत नाही.

टिनाचे छप्पर

नंदनवनच्या झोपडपट्टीत आणि जुन्या घरांवरच्या वाढीव खोल्यांत टिनाचे छप्पर असते, आणि वरचे सगळे उपाय तिथे अपुरे पडतात. टिन पातळ असते, उष्णता साठवू शकत नाही. निरभ्र रात्री ते आकाशाकडे उष्णता सोडून आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होते, आणि खोलीतल्या श्वासाचे बाष्प त्याच्या आतल्या बाजूला थेंब होऊन अंथरुणावर टपकते. टिनाखाली हातभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्याचे, प्लायचे किंवा जाड कापडाचे अस्तर लावले, तर मधली हवा अवरोधक बनते आणि थेंबही थांबतात. चुलीपासून ते पुरेसे दूर असले पाहिजे. तोच थर मे महिन्यात टिनाची धग खाली येऊ देत नाही. एका खर्चात दोन्ही ऋतू सांभाळणारा याहून सोपा बदल नाही. महापालिकेने आणि घरकुल योजना आखणाऱ्यांनी छताखालच्या या थराचा खर्च घराच्या मूळ अंदाजपत्रकातच धरावा.