फावल्या वेळातलं फ्रेंच

पुण्यात फ्रेंच शिकणाऱ्यांत अकरावी-बारावीच्या मुलांचा भरणा मोठा. मराठी-हिंदीपेक्षा मार्क जास्त पडतात, हे त्यामागचं उघड कारण. माझ्या मुलानेही तेच केलं. बारावी झाली, मार्क पडले आणि पुस्तकं रद्दीकडे निघाली. ती मी काढून ठेवली आणि स्वतःच फ्रेंचच्या वर्गाला नाव घातलं. ही २०१३ च्या सुमाराची गोष्ट. तोवर माझी करमणूक ठरलेली होती: सकाळी विविध भारती, रविवारी शब्दकोडं, थंडीत क्रोशा आणि अधूनमधून लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये एखादा जुना सिनेमा. यातलं काही सोडायचं असं काही मी ठरवलं नव्हतं. आज पाहते तर क्रोशा सोडून एकही गोष्ट पूर्वीच्या जागी नाही.

वर्गातल्या पहिल्या दोन वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. क्रियापदं पाठ करणं, घशातून र काढणं, आपल्याच चाळिशीची लाज वाटणं. वहीच्या समासात उच्चार देवनागरीत लिहायची सवय आम्हा दोघी-तिघी प्रौढांना होती. बाईंना ती खपत नसे.

एका बाबतीत मात्र मराठीने हात दिला. फ्रेंच भूतकाळाचा एक नियम आहे, त्याला शिकणारे घाबरून असतात. ‘जाणं’सारख्या क्रियापदांचं रूप कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतं, ‘खाणं’सारख्यांचं कर्माप्रमाणे, पण कर्म आधी आलं असेल तरच. इंग्रजीतून विचार करणारी मुलं इथे हमखास अडकत. आम्हाला त्यात नवल वाटेना. तो गेला, ती गेली. त्याने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली. हे आपण चार वर्षांचे असल्यापासून बोलतोय. निर्जीव वस्तूंना लिंग असतं याचंही आपल्याला कौतुक नाही, उलट फ्रेंचमध्ये दोनच, आपल्याकडे तीन. फक्त चंद्र तिथे बाई आहे हे पचायला वेळ लागला. चांदोमामाचं काय करायचं?

खरा फरक पडला सिनेमामुळे. अर्काइव्हमध्ये त्रुफोचा १९५९ चा ‘फोर हंड्रेड ब्लोज’ मी पूर्वी पाहिला होता, म्हणजे पडद्याच्या तळाची इंग्रजी अक्षरं वाचली होती. आता घरी लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरं बंद करून फ्रेंच अक्षरं लावायला सुरुवात केली. पहिले काही महिने निव्वळ शिक्षा. जाक तातीच्या सिनेमांनी तेवढं निभावून नेलं, कारण त्यांत संवाद जवळपास नाहीतच. त्याचा उंच, वाकडा चालणारा म्यूस्यू उलो सुट्टीवर जातो आणि आजूबाजूचं सगळं कोलमडतं. पण कान तयार केला तो एरिक रोमेरने. त्याच्या सिनेमात कुणी बंदूक काढत नाही. माणसं बोलतात: समुद्रकाठी, स्वयंपाकघरात, टेकडी चढताना, आणि स्वच्छ, पूर्ण वाक्यांत बोलतात. १९९६ च्या त्याच्या उन्हाळ्याच्या गोष्टीत एक तरुण तीन मुलींपैकी कुणाबरोबर सहलीला जायचं हे सबंध सिनेमाभर ठरवत राहतो. घरच्यांना हे असह्य झालं. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला. हल्लीच्या मालिका वेगळ्या. २०२१ मध्ये ‘लुपँ’ लावली तेव्हा कळलं, की ‘मला माहीत नाही’ हे पुस्तकातलं ‘ज न से पा’ रस्त्यावर येता येता नुसतं ‘शेपा’ उरतं.

मोबाइलवर भाषा शिकवणाऱ्या ॲपमधल्या हिरव्या घुबडाबद्दल माझं मत चांगलं नाही. रोजची साखळी तुटू नये म्हणून माणूस झोपेतसुद्धा ‘मुलगा सफरचंद खातो’ लिहितो, आणि त्यालाच शिकणं समजतो. त्यापेक्षा फ्रेंच सरकारी रेडिओ आरएफआयवरच्या सोप्या फ्रेंचमधल्या दहा मिनिटांच्या बातम्या बऱ्या. अवघड संदर्भ निवेदक तिथल्या तिथे उलगडून सांगतात. पोळ्या होईस्तोवर बातमीपत्र संपतं. विविध भारती त्यामुळे संध्याकाळवर गेली.

२०२० मध्ये वर्ग पडद्यावर गेला आणि निम्मी मंडळी गळाली. मी टिकले ते पुस्तकांमुळे. काम्यूची १९४२ ची ‘लेत्रांजे’ नवशिक्यांच्या हाती का देतात ते तेव्हा समजलं: कादंबऱ्यांत चालणारा ठेवणीतला भूतकाळ सोडून त्याने बोलण्यातला भूतकाळ वापरलाय. मग सिमनाँचा इन्स्पेक्टर मेग्रे. छोटी वाक्यं, पाऊस, पाइप, बिअर. खून कुणी केला यापेक्षा पुढचं पान शब्दकोशाविना वाचता येतं याचंच अप्रूप.

याच काळात फ्रेंचमधले तुकाराम हाती आले. गी दल्युरी या जेझुइट धर्मगुरूने केलेला अभंगांचा अनुवाद पॅरिसच्या गालिमारने १९५६ मध्ये छापला. तो कसा आहे, हे मला खरंच सांगता येणार नाही. दर ओळीआधी मूळ अभंगच कानात वाजतो. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे मला आधी ठाऊक होतं. पण कुणी परका माणूस पुण्यात राहून आपली भाषा या थराला शिकतो म्हणजे काय करतो, याचा अंदाज स्वतः फ्रेंचशी झटल्यावर आला.

डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेची बी-वन पातळी पुढे दिली. चार भाग, प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला एकूण ५० हवेत आणि प्रत्येक भागात किमान पाच. तोंडी परीक्षेत एखादा प्रसंग वठवावा लागतो. मला खराब माल देणाऱ्या दुकानदाराकडे तक्रार करायची होती. पुणेकराला हे फुकटचे मार्क, असं मनात म्हटलं. पण फ्रेंचमध्ये भांडणसुद्धा ‘बोंजूर’शिवाय सुरू करता येत नाही, आणि तिथेच माझा आवेश संपला. पास झाले, तोंडीत जेमतेम.

नातेवाईक अजून विचारतात, फ्रान्सला कधी जाणार? ठरलेलं नाही. क्रोशा टिकून आहे, कारण हात गुंतले तरी कान मोकळे राहतात. रविवारच्या शब्दकोड्याची जागा बाणांच्या फ्रेंच कोड्यांनी घेतली. ती निम्मीच सुटतात. बी-टूचा फॉर्म यंदाही भरलेला नाही. मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच अजून वाचायच्या आहेत.