अष्टूरचा काळोख आणि पन्नासची लेन्स

बीदरहून तीन-चार किलोमीटरवर अष्टूर लागतं. तिथल्या बहमनी कबरींत सर्वांत देखणी कबर अहमदशहा वलीची. राजधानी कलबुर्गीहून बीदरला हलवणारा सुलतान तो हाच. १४३६ साली तो गेला. त्याच्या जत्रेला मुसलमान येतात तसे लिंगायतही येतात, आणि त्याला अल्लमप्रभू मानून नमस्कार करतात. बाहेरून जाड भिंतींचा साधा घुमट दिसतो. आत शिरल्यावर मात्र आधी काहीच दिसत नाही, मग हळूहळू लाल, निळा, सोनेरी रंग आणि सुलेखनाची अक्षरं उमटायला लागतात.

सिनेमासारखा व्हिडिओ करायला निघालेल्या हौशी माणसाची पहिली परीक्षा इथेच होते. सोबत असते ती बहुधा एफ ४ ची झूम लेन्स. चित्र काळं येतं म्हणून आयएसओ वाढवावा, तर छतावरच्या नक्षीत दाणे नाचायला लागतात. त्या जागी पन्नास मिलिमीटरची, एफ १.८ ची, सगळ्यांत स्वस्त मिळणारी लेन्स लावली की जवळजवळ पाचपट प्रकाश आत येतो. एवढं उघडं छिद्र ठेवलं तर फोकस टिकेल का, ही भीती छतापुरती तरी खोटी आहे. फुल फ्रेम कॅमेऱ्यात दहा मीटरवरच्या गोष्टीभोवती सुमारे साडेचार मीटरचा पट्टा स्पष्ट राहतो. त्याच लेन्सने दीड मीटरवरचा चेहरा घेतला, तर पट्टा दहा सेंटिमीटरवर येतो. माणूस बोलता बोलता जरा पुढे झुकला की डोळे गेलेच.

इथले राखणदार आरशाने दारातलं ऊन भिंतीवर फेकून पाहुण्यांना रंग दाखवतात. गुरुदत्तच्या ‘कागज़ के फूल’मध्ये (१९५९) स्टुडिओत उतरणारा तो प्रकाशझोत छायालेखक व्ही. के. मूर्तींनी आरशांनीच ऊन वळवून उभा केला होता. मूर्ती मूळचे म्हैसूरचे आणि तो चित्रपट भारतातला पहिला सिनेमास्कोप. महागड्या लेन्सच्या गप्पा मारणाऱ्यांनी आधी एक आरसा विकत घ्यावा.

कलबुर्गीच्या किल्ल्यातली १३६७ची जामा मशीद अगदी वेगळं मागते. तिला मोकळं अंगण नाही, सगळी जागा छताखाली आहे. आत खांब आणि कमानींच्या रांगा, आणि कडेच्या ओवऱ्यांना रुंद, बुटक्या कमानी. चोवीसची वाइड लेन्स लावली की जागा मोठी दिसते, पण कॅमेरा जरा वर झुकवला की उभे खांब आतल्या बाजूला कलतात, म्हणून तो समतल धरावा लागतो. पंच्याऐंशीची लेन्स लावून लांब मागे सरकलं, तर त्याच कमानी एकमेकींना चिकटून एकामागे एक दिसतात. दोन्ही चित्रं खरी. मागे सरकायला जागा असेल तर लांब लेन्सच लावावी. वाइडने सगळं दिसतं, आणि सगळं दिसलं की नजर कुठे थांबवायची ते कळत नाही. लहान सेन्सरच्या, म्हणजे एपीएस-सी कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स पंच्याहत्तरसारखी वागते, हेही खरेदीआधी लक्षात ठेवलेलं बरं.

बीदरमधल्या बिदरी कारागिरांच्या कामात तिसरीच अडचण. जस्त-तांब्याचं भांडं आधी मोरचूदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरलेली नक्षी दिसते. चांदी ठोकून बसवली की बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांनी जस्त कायमचं काळं होतं, चांदी मात्र पांढरीच राहते. चांदीचा चकाकता भाग जळू न देता काळ्यात तपशील ठेवायचा, तर एक्सपोजर चांदीला धरूनच लावावं. छन्नीचं टोक मॅक्रोने निम्म्या आकारात घेतलं, तर एफ ८ वरही स्पष्ट पट्टा जेमतेम तीन मिलिमीटर. इथे ऑटोफोकसवर विसंबू नये. हाताने फिरवायचं कडं लांब फिरणारं हवं. सिने लेन्स महाग पडतात त्यातलं एक कारण हेच. दुसरं असं की फोकस बदलताना चौकट आतबाहेर होत नाही, आणि प्रकाश एफऐवजी टी-आकड्यात, म्हणजे लेन्समधून प्रत्यक्ष पार होतो तेवढाच, मोजलेला असतो. अशा लेन्स एका लग्नासाठी विकत घेण्यात शहाणपण नाही. हैदराबाद जवळ आहे, भाड्याने आणाव्यात.

आणि मग बाहेरचं ऊन! सेकंदाला पंचवीस फ्रेम घ्यायच्या तर शटर साधारण पन्नासावा हिस्सा ठेवतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटही त्यावर लुकलुकत नाही. पण दुपारच्या उन्हात आयएसओ शंभर असला तरी एफ २२ लागतं. पार्श्वभूमी मऊ करण्यासाठी एफ २.८ हवं असेल तर सहा स्टॉपचा, म्हणजे ६४ पट प्रकाश कापणारा एनडी फिल्टर लेन्सपुढे लावायलाच हवा. नव्या लेन्सपेक्षा तो कितीतरी स्वस्त, तरी बऱ्याच जणांच्या पिशवीत नसतो.

एक गोष्ट निघण्याआधीच करून ठेवावी. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या वास्तूंत चित्रपट किंवा व्यावसायिक चित्रीकरणासाठी परवाना लागतो. ट्रायपॉड लावायचा असेल तर त्याचीही आधीच चौकशी करून या.