रोटी बँकेतले अन्न कोणाच्या ताटात जाते?

डिसेंबर 2015 मध्ये मराठवाडा सलग दुसऱ्या वर्षीच्या दुष्काळात होता. त्याच महिन्यात औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या बायजीपुरा भागात यूसुफ मुकाती यांनी हारून मुकाती इस्लामिक सेंटरतर्फे रोटी बँक उघडली. सुरुवातीला अडीचशेच्या आसपास खातेदार होते. नियम साधा होता. घरच्या रोजच्या स्वयंपाकातून निदान दोन ताज्या रोट्या आणि सोबत कालवण किंवा भाजी आणून जमा करायची. खातेदाराला क्रमांक मिळायचा आणि आलेले अन्न ताजे आहे का, हे तिथले लोक तपासून घ्यायचे. सकाळी अकरा ते रात्री अकरा या वेळेत ज्याला गरज असेल त्याने यायचे आणि पिशवी घेऊन जायचे. जात-धर्म कोणी विचारत नसे.

तेव्हापासून अन्नपेढी, रोटी बँक, फूड बँक असे शब्द कानावर पडू लागले, आणि त्यांच्याबरोबर काही पक्के गैरसमजही रुजले. सोसायटीच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत, अगदी मदत करणाऱ्यांच्या तोंडूनही ते ऐकू येतात.

सगळ्यात जुना गैरसमज म्हणजे अन्नपेढीत उरलेसुरले जाते. बायजीपुऱ्यातल्या बँकेची रचनाच याच्या उलट होती. घरच्यांसाठी पोळ्या लाटतानाच दोन जास्त लाटायच्या. ताटात उरले म्हणून द्यायचे नाही, कणीक मळतानाच ते धरायचे. आपल्याकडे ही रीत नवी नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे तेव्हा त्या वारी त्या घरात एक पान जास्त मांडले जायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी बाया रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढायच्या. मुष्टिफंड म्हणतात तो हाच. देणाऱ्याच्या घरी काही उरले होते म्हणून ते दिले जात नव्हते.

लग्नकार्यातले आणि हॉटेलातले उरलेले अन्न वाटणे वेगळे. तेही चांगले काम आहे, पण त्याला शिस्त लागते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये जादा अन्न गोळा करून वाटण्याबाबत स्वतंत्र नियम केले. वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करावी, पाकिटावर पदार्थाचे नाव, तो कुठून आला, कधी केला आणि शाकाहारी की मांसाहारी हे लिहावे, अशी त्यात अपेक्षा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तर प्रत्येक आचाऱ्याला पाठ असायला हवा: शिजलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, गरम ठेवायचे तर 60 अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे. एप्रिल-मेच्या आपल्या उन्हात दुपारी एकला उतरवलेला वरणभात संध्याकाळी पाचला वाटायला काढणे म्हणजे गरिबाच्या पोटाशी खेळ आहे. गरम पोळ्या स्टीलच्या डब्यात घट्ट झाकल्या तर त्यांना पाणी सुटते आणि त्या चिकट होऊन आंबूस लागतात. म्हणून पोळ्या निववून, कोरड्या कापडात गुंडाळून द्याव्यात. सुकी भाजी रस्सेदार भाजीपेक्षा जास्त टिकते. आपण जे आपल्या मुलाच्या डब्यात घालणार नाही ते दुसऱ्याच्या मुलासाठी पाठवू नये, ही कसोटी मला कुठल्याही नियमावलीहून भरवशाची वाटते.

दुसरा समज असा की अन्न घेणारे भिकारी किंवा कामचुकार असतात, फुकट मिळाले की माणूस आळशी होतो. रोटी बँक काढण्यामागचा विचारच मुळी भीक न मागणाऱ्यांचा होता. परिस्थिती ओढगस्तीची आहे, पण कोणापुढे हात पसरायचा नाही, अशी माणसे: एकटी पडलेली म्हातारी, आजारी कर्ता, विधवा आई. घाटीत, म्हणजे आपल्या शासकीय रुग्णालयात, जालना, परभणी, हिंगोली, बीडहून रुग्ण येतात. त्यांच्यासोबतचा एखादा नातेवाईक औषधाला पैसे पुरावेत म्हणून स्वतःचे एक जेवण टाळतो. त्याला आळशी म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

आणि 8 मे 2020 ची पहाट आपण विसरलो आहोत का? टाळेबंदीत जालन्याहून पायी गावाकडे निघालेले मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपी गेले आणि मालगाडीखाली 16 जण गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या रोट्यांचे छायाचित्र देशभर पाहिले गेले. ते लोखंडाच्या कारखान्यात काम करणारे कष्टकरी होते. काम करणाऱ्या माणसालाही उपाशी राहायची वेळ येते. एक पगार चुकला, कंत्राट संपले, अपघातात पाय मोडला, की पंधरा दिवसांत घरातला डबा रिकामा होतो. वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कोणालाही विचारा.

"पण सरकार फुकट धान्य देते की!" हा तिसरा समज सर्वांत जास्त ऐकू येतो, आणि तो अर्धा खरा असल्याने खोडायला अवघड आहे. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबांना 35 किलो धान्य मिळते, जानेवारी 2023 पासून तेही मोफत. ही फार मोठी गोष्ट आहे, तिला कमी लेखू नये. पण 5 किलोचा हिशेब करा. दिवसाला 165 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दिवसभराच्या पाच-सहा पोळ्या. त्यात डाळ नाही, तेल नाही, भाजी नाही, गॅस नाही.

शिवाय हे धान्य मिळते कोणाला? महाराष्ट्रात शहरी प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 59,000 रुपये ठरली, ग्रामीण भागात 44,000. शहरातली मर्यादा महिन्याला पाच हजारांच्याही आत येते. आठ हजार कमावणारा रखवालदार, ज्याच्या पगारातले तीन हजार खोलीच्या भाड्यातच जातात, तो कागदावर गरीब ठरत नाही. राज्यासाठी लाभार्थींची मर्यादा सुमारे 7 कोटी, आणि ती 2011 च्या जनगणनेवर बेतलेली. त्यानंतर वाढलेली माणसे, गाव सोडून शहरात आलेली माणसे त्या आकड्यात बसत नाहीत.

मराठवाड्याची आणखी एक गोष्ट आहे. मराठवाड्यातले सर्व जिल्हे, अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांत केशरी रेशनकार्डाच्या शेतकऱ्यांना 2015 पासून सवलतीचे धान्य मिळत होते. 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये खात्यावर जमा करण्याचा निर्णय झाला, पुढे ते 170 झाले. घरात धान्य येणे आणि खात्यात दीडशे रुपये येणे सारखे नसते, हे घर चालवणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. पैसे आधी वीजबिलाकडे, नाहीतर उधारीकडे वळतात. रेशनने भागत नाही तिथे अन्नपेढी उपयोगी पडते. पण तिने रेशनची जागा घेऊ नये. उलट तिथे येणाऱ्या कुटुंबाकडे कार्ड आहे का हे हळूच विचारून, नसेल तर अर्ज भरून द्यायला कोणी बसले तर पोळीपेक्षा मोठे काम होईल.

आता शाळेची मुले. "त्यांना तर शाळेत खिचडी मिळते." मिळते, आणि त्यामागे मोठी लढाई आहे. केंद्राची योजना 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली, पण बऱ्याच ठिकाणी मुलांच्या हाती कोरडे धान्यच पडायचे. 28 नोव्हेंबर 2001 ला सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्या असे बजावले. आज ती योजना पीएम पोषण म्हणून ओळखली जाते. पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला 1700 च्या आसपास कॅलरी लागतात. म्हणजे शाळेतल्या खिचडीने साधारण चौथा हिस्सा भागतो. ती दुपारचे जेवण आहे, सकाळची न्याहारी आणि रात्रीचे ताट नाही. सकाळी काही न खाता प्रार्थनेला उभी राहिलेली मुलगी चक्कर येऊन बसते, ते खिचडी यायच्या आधी.

दिवसही मोजायला हवेत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान 200 दिवस भरायला हवी. उरलेल्या 165 दिवसांचे काय? रविवार, दिवाळी, आणि मे महिन्यापासून जूनच्या मध्यापर्यंतची लांब सुटी. याच काळात आपल्याकडे शेतीचे काम नसते आणि पाणी आटलेले असते. मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागांत सुटीतही शालेय जेवण चालू ठेवायला सांगितले, ते याच कारणाने. पण दुष्काळ जाहीर झाला नाही, तरी सुटीतली भूक तीच असते. आठवी संपली की ही योजनाही संपते. नववी-दहावीतली मुलगी, वाढीच्या ऐन वयात, शाळेच्या जेवणातून बाहेर पडते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुले तर दिवाळीनंतर शाळेतूनच उठतात. हंगामी वसतिगृहात राहिली तर शाळाही टिकते आणि जेवणही. आई-बापाबरोबर फडावर गेली तर दोन्ही सुटते.

म्हणून अन्नपेढीला मुलांसाठी काही करायचे असेल, तर दुपारच्या खिचडीवर पुन्हा खिचडी नको. सकाळची शेंगदाणा-गुळाची चिक्की, फुटाणे, केळी, उकडलेले अंडे यांची जास्त गरज आहे. आणि सुटीसाठी कोरडा शिधा: तूरडाळ, मटकी, शेंगदाणे, तेल, गूळ, मीठ-मसाला. तांदूळ-गहू बऱ्याच घरांत रेशनचे असतात, डाळ-तेल नसते. हा शिधा पालकांच्या हाती द्यावा. वर्गात नावे पुकारून, रांगेत उभे करून, फोटो काढत देऊ नये. बाराव्या वर्षी मुलाला लाज भुकेपेक्षा लवकर कळते. एकदा असा फोटो निघाला की ते पोरगे पुढच्या वेळी उपाशी राहील, पण येणार नाही. बायजीपुऱ्यात नाव-गाव, धर्म न विचारता पिशवी हातात देण्याची पद्धत होती, तिचा खरा उपयोग इथे कळतो.

कोणत्या मुलांना गरज आहे हे शोधायला मोठे सर्वेक्षण लागत नाही. वर्गशिक्षिकेला ते ठाऊक असते. कोण सोमवारी दोनदा वाढून घेतो, कोण घरच्या धाकट्यासाठी डब्यात भरून नेतो, हे खिचडी वाढणाऱ्या ताईला दिसते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्या दोघींशी बोलायचे, यादी आपल्यापाशीच ठेवायची आणि परीक्षा संपून सुटी लागायच्या आत शिधा घरपोच करायचा. सहा आठवड्यांना पुरेल इतका.