उतारवयातील रक्तक्षय
रक्तातील हिमोग्लोबिन प्रमाणापेक्षा कमी होणे म्हणजे रक्तक्षय. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार १०० मिलिलिटर रक्तात पुरुषांत १३ आणि स्त्रियांत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन भरले, तर तो रक्तक्षय. सत्तरी-ऐंशीतल्या माणसालाही सर्वसाधारणपणे हाच निकष लावतात. म्हातारपणी रक्त कमी व्हायचेच, ही समजूत म्हणूनच घातक आहे.

शिराळा तालुक्याच्या पश्चिम भागात, वारणाकाठच्या वाड्यावस्त्यांवर, अनेक घरांतली तरुण माणसे पोटापाण्यासाठी मुंबईला असतात. भातशेती आणि जनावरे वृद्धांवर पडतात. चढावर धाप लागणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे, पाय गळून जाणे, तोल जाणे या तक्रारी 'आता वय झालं' म्हणून घरातच जिरतात. हिमोग्लोबिन सावकाश उतरते आणि शरीर तेवढ्यावर भागवायला शिकते, म्हणून दुखणे उशिरा ध्यानात येते. खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ, नखे पांढुरकी दिसली तर शंका घ्यावी. पण सौम्य रक्तक्षय नुसत्या नजरेला दिसत नाही. सरकारी मोहिमांचे लक्षही इतरत्र असते. २०१८ च्या 'ॲनिमियामुक्त भारत' अभियानाचा भर मुले, किशोरवयीन, प्रजननक्षम वयातील स्त्रिया, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यावर आहे. साठीपुढच्यांनी तपासणी मागूनच घ्यायला हवी.

सुरुवातीला सीबीसी ही साधी रक्ततपासणी पुरते. तांबड्या पेशी लहान असल्या तर लोहाची, मोठ्या असल्या तर बी-१२ किंवा फोलिक ॲसिडची कमतरता संभवते. आकार नेहमीसारखा असेल तर मूत्रपिंडाचा विकार किंवा जुनाट दाह शोधावा लागतो. खरा प्रश्न कारणाचा आहे. गुडघेदुखीवर वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून थोडे थोडे रक्त जाते. शौच डांबरासारखे काळे होणे ही त्याची खूण. चिखलात अनवाणी राबणाऱ्यांना अंकुशकृमी लागू शकतात. शुद्ध शाकाहारात बी-१२ अपुरे पडते, आणि मधुमेहावरील मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटते. वयस्कांतील लोहाची कमतरता कधी आतड्याच्या कर्करोगाची पहिली खूण असते, म्हणून दुर्बिणीची तपासणी टाळू नये.

कारण न शोधता 'रक्तवाढीच्या' गोळ्या घेत राहणे धोक्याचे. बी-१२ कमी असताना फक्त फोलिक ॲसिड दिले, तर रक्ताचा आकडा सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. लोहाच्या गोळ्यांनी तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण एक-दोन ग्रॅमने वाढावे. वाढले नाही, तर गोळ्या नियमित घेतल्या का हे पाहून कारणाचा शोध पुन्हा सुरू करावा लागतो.